विसावी मारामारी

क्लेमां थिफो आणि ऑरेस्ट डमचुक सहा हंगामांत एकोणीस वेळा एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आकडा पक्का आहे, कारण मारामारी संपली की क्लेमांचे हात बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवायचं काम माझं असायचं. पहिल्या खेपेला समोरच्या संघातल्या डमचुकनं त्याचं नाक मोडलं. चौथ्या खेपेला क्लेमांनं डमचुकच्या भुवईवर असा ठोसा हाणला की कातडी पापणीवर लोंबायला लागली. अकराव्या खेपेला दोघांनी एकमेकांच्या जर्सी डोक्यावरून ओढल्या आणि काही दिसत नसताना नुसते ठोसे घालत राहिले. एक ठोसा सोडवायला आलेल्या पंचाला बसला. त्याचे दोन दात बर्फावर पडले, तर लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मी ल्युसिएँ ब्रूसो, मोंतार्वीच्या आइस हॉकी संघाचा सामानवाला. स्केटना धार लावायची, फाटलेले हातमोजे शिवायचे, रक्त सुकायच्या आत जर्सी थंड पाण्यात टाकायच्या. आमचं गाव तांब्याच्या खाणीचं. पोरगा चालायला लागला की त्याच्या पायात स्केट बांधायचे आणि स्केटवर काही जमलं नाही की खाणीत उतरवणाऱ्या लोखंडी पाळण्यात उभं करून खाली सोडायचं, एवढ्या दोनच वाटा. क्लेमांनं सातवीतून शाळा सोडली होती. गोल करणं त्याला फारसं जमायचं नाही. सहा हंगामांत चौदा गोल. पण आमच्या चपळ, लहानखुऱ्या खेळाडूंना कुणी कोपऱ्यात चेपलं की क्लेमां मारामारीसाठी हातमोजे खाली टाकायचा, आणि मग उरलेला वेळ त्यांच्या वाटेला कुणी जायचं नाही. त्याला संघात ठेवलं होतं ते एवढ्यासाठीच.

बर्फावरून उतरला की तो हळू बोलायचा. त्याची बायको मारियेट शाळेत स्वैपाक करायची. तिच्या हातच्या वाटाण्याच्या सूपचा डबा तो माझ्यासाठीही घेऊन यायचा, कारण माझी बायको वारल्यापासून मी काय खातो ते त्याला बघवत नसे.

१९९१च्या नोव्हेंबरात एका सामन्यात पक अडवायला तो आडवा पडला आणि ती रबरी चकती त्याच्या पोटरीवर मागच्या बाजूनं, जिथं संरक्षण नसतं तिथं, येऊन बसली. तो उठला आणि खेळला. मग नऊ तास बसमध्ये पाय दुमडून बसला. दुसऱ्या दिवशी पोटरी दुधीभोपळ्यासारखी सुजली. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव." तो म्हणाला, "मुका मार आहे, म्हाताऱ्या. तू तुझे स्केट घास."

मंगळवारी सरावाच्या वेळी तो मधल्या रेषेवर थांबला आणि गुडघ्यांवर बसला. सगळ्यांना वाटलं, स्केटची नाडी सुटली असेल. मी जवळ गेलो तर तोंडातून गुलाबी फेस येत होता आणि श्वास आत जात नव्हता. माझी बाही त्यानं इतकी घट्ट पकडली की शिवण उसवली.

रुग्णालयात डॉक्टर बाईंनी सांगितलं, पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुफ्फुसात अडकली. त्यांनी विचारलं, "वडील आहेत?"

"गेले," क्लेमां म्हणाला. "चव्वेचाळीसचे होते. खाणीच्या पाळण्यात उभ्या उभ्या छाती धरली आणि खाली बसले."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मग हे घराण्यातच दिसतंय. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देते. जन्मभर घ्यायच्या. आणि थिफो, नीट ऐका. या गोळ्या घेणाऱ्यानं दाढीसुद्धा जपून करायची असते. डोक्याला मार लागला, पोटात मार लागला, तर आत सुरू झालेलं रक्त थांबणार नाही. हॉकी संपली."

"आणि गोळ्या नाही घेतल्या तर?"

बाईंनी त्याच्याकडे न बघता मारियेटकडे बघितलं. "तर तुम्ही तुमच्या वडिलांसारखे जाल."

क्लेमां तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

जानेवारीच्या शेवटी तो परत आला. हातात कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या डॉक्टरचं पत्र होतं, की गुठळी विरघळली आहे, औषध बंद केलं आहे, खेळायला हरकत नाही. आमचा कोच गेतां पारां. त्यानं पत्राची पहिली ओळ वाचली आणि घडी घालून खिशात टाकलं. आम्ही लागोपाठ आठ सामने हरलो होतो आणि आमच्या पोरांना प्रत्येक गावात तुडवलं जात होतं.

"बरा आहेस ना?" पारांनं विचारलं.

"बैल आहे बैल," क्लेमां म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात त्यानं एकाला लोळवला. स्वतः एकच ठोसा खाल्ला, तोही नाकावर. बर्फ लावला, कापूस कोंबला, तरी नाक चाळीस मिनिटं गळत होतं. मी घड्याळ बघत बसलो होतो. मग त्यानं जर्सी काढली आणि माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. अंगावर तळहाताएवढे निळेजांभळे डाग होते. बरगड्यांवर, दंडांवर, कमरेवर. नुसता धक्का लागला तरी उमटावेत तसे. रेल्वेच्या रुळांवर झोपून उठल्यासारखा दिसत होता.

त्याच रात्री त्याचे हातमोजे शिवायला घेतले तर डाव्या हातमोज्याच्या अस्तरात गोळ्यांची बाटली सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या धारेच्या खोलीत आला तेव्हा मी ती यंत्रावर ठेवली. त्यानं दार लावून घेतलं.

"सोमवार ते गुरुवार घेतो," तो म्हणाला. "शुक्रवार ते रविवार बंद. सामने शनिवार-रविवारीच असतात. तोवर रक्त घट्ट होतं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मीच हिशोब केला."

"सातवी नापास डॉक्टर! आणि कालचं नाक? ते घट्ट रक्त होतं का?"

त्यानं बाटली उचलून परत हातमोज्यात सरकवली. मी म्हणालो, "मारियेटला माहीत आहे?"

त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीला लावलं. राग नव्हता, नुसतं लावलं, एखादी फळी टेकवून ठेवावी तसं. "तिला वाटतं मी रोज घेतो आणि कुणाला हात लावत नाही. नुसता बेंचवर बसतो. तू तिला सांगितलंस, पारांला सांगितलंस, तर ब्रूसो, मी तुझा गळा दाबीन. मग मी काय करू, सांग? पाळण्यात उभा राहू? बाप मेला त्याच पाळण्यात?"

मी शब्द दिला. माझ्या आयुष्यात मी बरेच मूर्खपणाचे उद्योग केले, पण त्या शब्दाइतका मोठा दुसरा नाही. सहा आठवडे मी तो पाळला. सहा आठवडे मारियेटच्या घरी बसून तिचं सूप खात होतो आणि "कसं आहे रे त्याचं?" असं तिनं विचारलं की "मजेत आहे" म्हणत होतो. तेवढ्या वेळात क्लेमांनं आणखी पाच मारामाऱ्या केल्या, सगळ्या बाहेरगावी, म्हणजे तिच्या कानावर जाऊ नयेत. एकदा ओठ फुटला तो दोन दिवस वाहत होता; घरी पक लागला म्हणून सांगितलं. मी त्याच्या जर्सी वेगळ्या धुवायला लागलो, म्हणजे इतरांना किती रक्त जातंय ते कळू नये.

मार्चमध्ये रविवारी दुपारचा सामना होता, किर्बी फॉल्सच्या संघाशी. ओंटारियोच्या बाजूचं निकेलचं गाव ते, आणि डमचुक त्यांचा. त्या दिवशी तिकीटखिडकीवर लोक गोल्सबद्दल बोलत नव्हते. एक म्हातारी नातवाला सांगत होती, "आज विसावी आहे, विसावी!"

मला दोन दिवस झोप नव्हती. डमचुकचा ठोसा मी जवळून बघितला होता. सहा फूट चार इंच उंची, खांदे दरवाज्याएवढे, आणि उजवा हात कानशिलावरच यायचा. क्लेमांच्या डोक्यात एक शीर जरी फुटली असती तरी तो बर्फावरून उठला नसता. शेवटी सामन्याच्या आधी तासभर मी पाहुण्यांच्या खोलीकडे गेलो. डमचुक बाहेरच्या बोळात बाकावर बसून मुठीला पट्टी गुंडाळत होता. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, त्याचं फ्रेंच त्याहून वाईट. दोन्ही भाषांची खिचडी करून मी त्याला सगळं सांगितलं. गुठळी, गोळ्या, नाक, डाग, सगळं.

त्याचा हात थांबला. मग तो भडकला.

"हे मला का सांगतोस? मला? त्याला बायको नाही? कोच नाही तुमचा? झोपला आहे का तो?"

"मी शब्द दिलाय."

"मग मोड ना! मी इथं सहा वर्षं त्याला मारतोय, ब्रूसो. तो मला मारतोय. आमचं ते काम आहे. आता तू येऊन सांगतोस की एक लागला तर मरेल. माझ्या बोडक्यावर टाकतोस?"

"फक्त आज नको."

"फक्त आज!" तो उठला, पट्टी फाडून फेकली आणि भिंतीवर एक लाथ घातली. "चालता हो. माझ्या डोळ्यांसमोरून चालता हो."

सामना सुरू झाला आणि मला दिसलं की डमचुक क्लेमांच्या बाजूला फिरकत नाही. क्लेमां बर्फावर आला की तो बेंचवर जायचा. समोर आलाच तर वळसा घालायचा. लोकांना आधी गंमत वाटली, मग शिट्ट्या सुरू झाल्या. वरून कुणीतरी भित्र्याला हिणवायची रबरी कोंबडी फेकली. क्लेमां अपमानानं पांढराफटक पडला होता. त्यानं डमचुकच्या घोट्यावर स्टिक हाणली. डमचुक लंगडत पुढे गेला. त्यानं पाठीत ढकललं. डमचुक कठड्यावर आपटला, उठला, हेल्मेट नीट केलं.

"काय रे, म्हातारा झालास?" क्लेमां ओरडला. "ऑरेस्ट! आजी आली का तुझ्याऐवजी?" आमच्याकडच्या शिव्या सगळ्या चर्चच्या भांड्याकुंड्यांवरून येतात, त्यानं त्या दिवशी आख्खी वेदी रिकामी केली.

दुसऱ्या सत्रात त्यानं हातमोजे टाकले आणि सरळ डमचुकच्या तोंडावर ठोसा मारला. डमचुकनं दोन्ही हातांनी त्याला कवेत घेतलं. क्लेमांनं एक हात सोडवून घेतला आणि मारायला लागला. तोंडावर, कानावर, जुन्या जखमेच्या भुवईवर. मी नऊ मोजले. डमचुकचा चेहरा रक्तानं भरला, ते रक्त त्याच्या पांढऱ्या जर्सीवरून खाली बर्फावर थेंब थेंब पडत होतं, आणि तो त्याला नुसता धरून होता. हात एकदाही उचलला नाही. प्रेक्षक हळूहळू गप्प झाले. सगळ्या रिंकमध्ये क्लेमांचा एकट्याचा आवाज. "मार! मार ना! मार मला!"

डमचुकनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण क्लेमांची मूठ हवेतच राहिली आणि त्यानं मान वळवली. सरळ माझ्याकडे.

पंचांनी त्याला सामन्यातून बाहेर काढलं. मी धारेच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. पळून जाता आलं असतं. दार दुसरंही होतं. पण वाटलं, येऊ दे, दोन शिव्या देईल, संपेल.

शिव्या दिल्याच नाहीत. आत आला तो स्केटसकट, आणि पहिलाच ठोसा माझ्या जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला, सुकी फांदी मोडावी तसा. मी यंत्रावर पडलो, तिथून जमिनीवर. त्यानं मला उचललं आणि परत मारलं. माझं वय अठ्ठावन्न, वजन त्याच्या अर्धं. बरगड्यांवर लाथ बसली तेव्हा स्केटची धार कोटातून आत गेली. ती धार मीच सकाळी लावली होती. मग तो माझ्या छातीवर बसला आणि म्हणाल्याप्रमाणे गळा दाबायला लागला. रडत होता. नाकातून रक्त गळून माझ्या डोळ्यांत पडत होतं.

"सगळ्या जगासमोर," तो म्हणत होता. "त्यानं मला मिठी मारली, सगळ्या जगासमोर!"

माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. हाताला जमिनीवर पडलेली एक स्टिक लागली. मी तिचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, असेल नसेल तेवढ्या ताकदीनं खुपसला.

तो "हूं" म्हणाला आणि बाजूला सरला. भिंतीला टेकून बसला. आम्ही दोघं समोरासमोर धापा टाकत होतो. बाहेर भोंगा वाजला, कुणीतरी गोल केला असावा.

पाच मिनिटांनी तो म्हणाला, "खांदा दुखतोय. डावा खांदा का दुखतोय?" त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. मी सरपटत गेलो, पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक.

मी बाहेर बोळात रांगत गेलो. ओरडता येत नव्हतं. जबडा एका बाजूला लटकत होता. पहारेकऱ्यानं मला बघितलं, रुग्णवाहिकेतली माणसं धावत आली आणि आधी मलाच स्ट्रेचरवर घालायला निघाली. मी हातपाय झाडून त्यांना आत नेलं. बर्फावरून कुणीतरी आणून टाकलेल्या क्लेमांच्या डाव्या हातमोज्यातून बाटली काढली आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या मुठीत कोंबली. त्यानं लेबल वाचलं आणि चालकाला ओरडून सांगितलं, "गाडी दाब!"

प्लीहा फुटली होती. पोट उघडलं तेव्हा आत बादलीभर रक्त, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. तीन दिवस गोळी बंद ठेवून रक्त घट्ट होत नसतं, हेही त्यांनी सांगितलं. ते रक्त गोठवायला औषध टोचलं, चौदा पिशव्या चढवल्या, प्लीहा काढून टाकली. बाटली हातात नसती तर टेबलावरच गेला असता, असं त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. माझा जबडा तारेनं बांधलेला होता, आणि मला त्यांना विचारायचं होतं की दांडा खुपसला नसता तर काय झालं असतं. विचारता आलं नाही ते बरंच झालं.

पोलीस आले. क्लेमां म्हणाला, बाकाच्या कोपऱ्यावर पडलो. मी पाटीवर लिहिलं, मीही पडलो. दोन शेजारच्या खोल्यांत दोन माणसं पडलेली. पोलिसानं टोपी घातली आणि गेला.

मारियेट तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आली. कोट काढला नाही, बसली नाही.

"सहा आठवडे तुला माहीत होतं."

मी मान डोलावली.

"माझ्या टेबलाशी बसून जेवत होतास. मी विचारत होते." तिचा आवाज चढला नाही. "तुला सांगायचंच होतं, तर गावभर माणसं सोडून तू ऑरेस्ट डमचुककडे गेलास? माझं दार तुझ्या दारापासून चार घरं आहे, ल्युसिएँ."

मी पाटी उचलली. तिनं माझ्या हातातून पाटी काढून घेतली, खाटेवर पालथी ठेवली आणि गेली. तिचं म्हणणं खरं होतं. मला तिची भीती वाटली होती. डमचुकची नव्हती वाटली.

डमचुकही आला, आठवड्यानं, दोनशे मैल स्वतः गाडी चालवत. चेहऱ्यावर सतरा टाके. मधल्या काचेतून मला दिसत होतं. तो क्लेमांच्या खाटेपाशी खुर्ची ओढून दुपारभर बसला. काय बोलत होते देव जाणे. एकाला धड फ्रेंच येत नाही, दुसऱ्याला धड इंग्रजी. एकदा दोघं हसले आणि क्लेमांनं टाके दुखले म्हणून पोट धरलं. जाताना डमचुक माझ्या खोलीवरून गेला. थांबला नाही. पुढचे दोन हंगाम तो खेळला, पण कुणावर हात उचलला नाही, आणि न मारणारा मारणारा कुणाला हवा असतो? त्यालाही सोडून दिलं.

क्लेमां परत बर्फावर उतरला नाही. लाकूड कारखान्याच्या फाटकावर ट्रकचं वजन करायची नोकरी मिळाली. गोळ्या रोज घ्यायला लागला. मारियेट समोर उभी राहून देते म्हणे. संघ पारांनं आणखी एका तगड्या पोरावर चालवला.

मे महिन्यात, तळ्यावरचा बर्फ फुटला त्या सुमारास, माझ्या जबड्याच्या तारा निघाल्या. दोन दिवसांनी क्लेमां माझ्या स्वैपाकघरात आला. वीस किलो तरी उतरला होता. कपडे दुसऱ्याचे वाटत होते. खुर्चीवर बसायला त्याला वेळ लागला. मी कॉफी ठेवली.

"एक विचारायचं आहे," तो म्हणाला. "खरं सांग. त्या दिवशी दांडा मारलास तो सोडवून घ्यायला, की मला मारायला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. सहा आठवडे तेच केलं होतं.

"मारायला," मी म्हणालो. "तू मेला असतास तरी त्या क्षणी मला चाललं असतं."

त्यानं मान डोलावली. जणू मी त्याला हवामान सांगितलं. कॉफीचा कप दोन्ही हातांनी उचलला. त्याची बोटं आता नीट वळत नव्हती.

"मलाही चाललं असतं, मेलो असतो तर," तो म्हणाला.

कॉफी संपेपर्यंत बसला. मग उठला, कप धुवून पालथा घातला आणि दार लावून गेला. त्यानंतर आम्ही गावात भेटलो की मान हलवतो. घरी तो आला नाही आणि मी बोलावलं नाही.